रंग हिरवा, पण रेघ आडवी
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर दर वेळी मी लागण, बेणे, खत नाहीतर हुमणी यांवर लिहितो. या अंकात विषय वेगळा आहे. शून्य ते सहा वर्षांची लहान मुले, त्यांची वाढ कशी मोजतात आणि मोजल्यावर पुढे काय करतात, हा तो विषय. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडायचे, असे काहींना वाटेल. गेल्या मे महिन्यापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

पट्टा पडल्यावर चार दिवस रजा काढून मी जासईला गेलो होतो. जासई म्हणजे रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यातले गाव, आता नवी मुंबईच्या पोटात गेलेले. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तिथे राहते. जावई न्हावा-शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे. वाटेत गव्हाण नावाचे गाव लागते. आपल्या लोकांना गव्हाण म्हटले की उसाची मोळी पडते ती जागाच आठवेल, मलाही हसू आले. हा सगळा मुलूख मूळचा भातशेतीचा आणि मिठागरांचा. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, आणि जानेवारी १९८४ मध्ये भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे याच जासईचे. १९८९ साली बंदर सुरू झाले. आता रस्त्यावर एकामागे एक ट्रेलर उभे असतात. गावात भाड्याच्या खोल्या झाल्या आणि त्या खोल्यांत आपल्या देशावरची बरीच पोरे संसार करून राहिली आहेत. आमची भाची त्यांतलीच एक. एक खोली, मोरी, आणि खिडकीतून दिसणारा रस्ता. जावई बारा तास कामावर. घरात म्हातारे माणूस नाही. दहा महिन्यांची मुलगी आणि तिची आई, दिवसभर दोघीच.

मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. भाची म्हणाली, "मामा, चला की, तुम्हाला आमची अंगणवाडी दाखवते." नातीला घेऊन आम्ही गेलो.

अंगणवाडीच्या ताईंनी टांगता काटा आधी रिकाम्या झोळीसह शून्यावर आणला. मुलीचे झबले उतरवले. झोळीत बसवून ती हलायची थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग आकडा वाचला. ७ किलो २०० ग्रॅम. मला हे पाहून बरे वाटले. वजनकाट्याबद्दल आपले सभासद किती दक्ष असतात ते मला ठाऊक आहे. गाडीमागे चाळीस-पन्नास किलोंचा संशय आला तरी गट ऑफिसला फोन येतो. इथे तर शंभर ग्रॅमचा हिशेब होता. ओले झबले अंगावर राहिले तरी आकडा चुकतो.

ताईंनी मोबाईलवर नोंद केली आणि माता व बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात पेनने ठिपका दिला. कार्डावर हिरवा, पिवळा आणि तांबडट असे पट्टे असतात. ठिपका हिरव्यात पडला.

भाची खूश होऊन म्हणाली, "हिरव्यातच आहे बघा मामा."

ताई म्हणाल्या, "हिरव्यात आहे गं, पण रेघ बघ. सातव्या महिन्यात सात-दोनशे. आज दहावा संपला, तरी सात-दोनशेच. रंग हिरवा आहे, रेघ आडवी झालीय. मधल्या दोन वेळा तू आलीच नाहीस. आजारी होती का?"

आठ दिवस जुलाब झाले होते, हे तेव्हा बाहेर आले. खायला काय देता, तर वरणाचे पाणी, भाताची पेज आणि चहात बुडवून बिस्कीट. दिवसातून दोनदा.

"पाणी पिऊन वजन वाढतं का?" ताई म्हणाल्या. "वरणातलं वरचं पाणी नको, तळातलं वरण दे. चमचा उलटा केला तर पटकन गळणार नाही इतकं घट्ट. तीन-चार वेळा दे, आणि अंगावरचं दूध चालू ठेव. आमच्याकडे तर जवळा भाजून त्याची पूड घालतात."

आमचे घर माळकरी. जवळा म्हटल्यावर भाचीने माझ्याकडे पाहिले आणि मी छताकडे पाहिले. ताईंच्या ते लगेच ध्यानात आले. मग मुगाची डाळ, नाचणी, शेंगदाण्याचे बारीक कूट आणि वरून चमचाभर तेल किंवा तूप, असे ठरले. चहा-बिस्कीट बंद.

घरी येताना माझ्या डोक्यात ती आडवी रेघच होती. आपल्या धंद्यात ही गोष्ट नवी नाही. उसाची पक्वता पाहताना मी एका दिवसाच्या ब्रिक्सवर तोडणी देत नाही. शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा रस घेऊन पुन्हा पुन्हा वाचन घ्यायचे आणि आकडा कुठल्या बाजूला चालला आहे ते पाहायचे, हे शेतकी खात्यातला नवा मदतनीससुद्धा पहिल्या वर्षी शिकतो. पोरांच्या बाबतीत मात्र आपण "अंगापिंडानं बरा आहे की" एवढ्यावर भागवतो.

हा कागद आला कुठून?

मुलांच्या वजनाचा असा आलेख आईच्याच हाती द्यायचा ही युक्ती डेव्हिड मॉर्ले नावाच्या इंग्रज डॉक्टरांची. पश्चिम नायजेरियातल्या इमेसी-इले या खेड्यात काम करताना त्यांनी हे कार्ड तयार केले. दवाखान्याच्या कपाटात ठेवलेला कागद डॉक्टरलाच दिसतो, आईच्या पेटीतला कागद आईबरोबर फिरतो, हा त्यातला मुद्दा. पुढे हे कार्ड देशोदेशी गेले.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. साऱ्या देशात पहिले ३३ प्रकल्प होते. महाराष्ट्रात मुंबईची धारावी आणि मेळघाटातले धारणी, एक झोपडपट्टी आणि एक आदिवासी डोंगर, असे त्यांतले दोन. आज गावोगाव दिसणारी अंगणवाडी ही त्याच योजनेची.

मोजायचे ते कशाशी, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे अडून होता. पूर्वीचे तक्ते अमेरिकेतल्या मुलांवरून केलेले होते. आमची मुले मुळातच लहान चणीची, गोऱ्यांची मापे आम्हाला कशाला, असे लोक म्हणत आणि त्यात वरवर तथ्यही वाटे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुले मोजली. भारतातली मुले दिल्लीची होती. अट अशी, की घरची परिस्थिती बरी असावी, मुलाला आईचे दूध मिळालेले असावे, आईने विडी-सिगारेट ओढलेली नसावी. मोजल्यावर असे आढळले, की पहिल्या पाच वर्षांत या सहाही देशांतली मुले जवळजवळ सारखीच वाढतात. दिल्लीचे मूल आणि ऑस्लोचे मूल यांत सांगण्यासारखा फरक नाही. २००६ साली त्यावरून नवे तक्ते आले आणि २००८ पासून आपल्या अंगणवाड्यांनी ते घेतले. तेव्हा "आमचा वाणच बुटका" हे म्हणणे आता टिकत नाही. बेणे सारखेच आहे, रान आणि पाणी वेगळे आहे.

सभासदांनी काही आकडे लक्षात ठेवावेत. जन्मताना अडीच किलोंच्या आत वजन म्हणजे कमी वजनाचे मूल. पाच-सहा महिन्यांत जन्माचे वजन दुप्पट व्हावे, वर्षाच्या सुमारास तिप्पट. लांबी जन्मताना सुमारे ५० सेंटिमीटर असते, वर्षाला ७५ च्या आसपास जाते आणि दोन वर्षांना ८६-८७. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण, तिथे थांबायचे नाही.

उंची खुरटते ती मुख्यतः पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत. याला पहिले हजार दिवस म्हणतात. पोटातले २७० आणि बाहेरचे ७३०. उसाला दीड-दोन महिन्यांनी आपण माती लावतो, तिला बाळबांधणी म्हणतो. हे नाव कुणी ठेवले कोण जाणे, पण फुटव्यांच्या वेळी उपाशी राहिलेला ऊस पुढे कितीही खत ओतले तरी भरत नाही, हे आपल्याला कळते. फरक एवढाच, की उसाला खोडवा असतो.

आपल्या राज्याने यात काम केलेले नाही असे नाही. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले आणि त्याने पुढे हजार दिवसांवर भर दिला. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ३९ होते, ते २०१२ च्या राज्य पाहणीत २३ च्या घरात आले. एवढी घट थोड्या काळात झाली म्हणून बाहेरच्या देशांतही त्याची चर्चा झाली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शेकडा ३५.२ मुले खुरटलेली निघाली. वयोगट वेगळे, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून भांडण करता येणार नाही. तरी तीन मुलांमागे एक, हा हिशेब कुणालाही कळतो.

आपल्या तळावरची गोष्ट

आता जे लिहितो ते लिहायला जड जाते.

मागच्या हंगामात फेब्रुवारीत डोकी सेंटरच्या तळावर पोलिओचा डोस होता. मी टोळीचे दुसऱ्या दिवसाचे फड सांगायला गेलो होतो. आशाताई मुलांना डोस देता देता रंगीत पट्टीने दंड मोजत होत्या. एका मुलाची पट्टी लालवर आली. ११.२. मूल चौदा महिन्यांचे, पण सहा-सात महिन्यांचे वाटावे असे. आईच्या कडेवर मान टाकून होते. रडतही नव्हते.

आशाताईंनी कार्ड विचारले. आई म्हणाली, "कारड गावाकडं हाय, सासूच्या पेटीत."

"शेवटचं वजन कधी केलं होतं?"

"दिवाळीच्या आधी."

म्हणजे टोळी गाव सोडून निघाली त्या दिवसापासून या मुलाचा ठिपका बंद. गावच्या अंगणवाडीच्या वहीत ते "स्थलांतरित", आणि आपल्या गावच्या अंगणवाडीच्या वहीत त्याचे नावच नाही. नऊ ते चौदा महिने, नेमके जे दिवस मोजायचे, ते फडात गेले. पहाटे तीन-चारला आई-बाप कोयता घेऊन निघाले की मूल पाचटावर फाटक्या गोधडीत. सांभाळायला सहा-सात वर्षांची बहीण. अंगावरचे दूध मोळ्या वाहून होतील तेव्हा. शिळी भाकरी पाण्यात कुस्करलेली. आई निष्काळजी आहे असे मला म्हणायचे नाही. ज्या बाईला उचल फेडायची आहे आणि जिच्या हातावर अर्धा कोयता आहे, ती चार तासांनी मुलाला मऊ भात भरवायला फड सोडून येऊ शकत नाही, एवढेच.

पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवा, असे आशाताईंनी सांगितले. तिथे आईला बुडीत मजुरी मिळण्याची सोय शासनाच्या योजनेत आहे. पण बाई गेली की जोडी मोडते. नवरा एकटा तोडणार, मोळी बांधणार कोण? मुकादमाने तोंड वाकडे केले. मी काही बोललो नाही, कारण त्या आठवड्यात माझाही ऊस कमी पडत होता. हे खरे आहे म्हणून लिहितो. चार दिवसांनी ती बाई गेली. आठव्या दिवशी परत आली. मूल जरा हुशार दिसत होते, निदान रडत तरी होते. मार्चअखेर पट्टा पडला आणि टोळी गेली.

ते मूल आता कसे आहे हे मला ठाऊक नाही. माझ्या डायरीत त्या टोळीचे रोजचे टन आहेत, खेपा आहेत, मुकादमाचे दोन फोन नंबर आहेत. मुलाचे नाव नाही.

जासईच्या अंगणवाडीत ती आडवी रेघ पाहिली तेव्हा मला हा मुलगा आठवला. माझ्या नातीची रेघ आडवी तरी होती. या पोराची रेघच नव्हती. एका ठिपक्याची रेघ होत नाही.

कायद्याकडे पाहिले तर १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४८ व्या कलमात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन होते. पण तोडणी मजूर आपल्या हजेरीपटावर नसतात, ते मुकादमाचे. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी काही ना काही झाले. साखरशाळा निघाल्या. २००९ साली शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांनी नेहमीच्या शाळेतच जावे असे ठरले आणि साखरशाळा मागे पडल्या. अलीकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. पण वसतिगृहात दीड वर्षाचे मूल ठेवता येत नाही. ते आईबरोबरच येणार, फडावरच येणार.

वजन भरले म्हणजे झाले का?

नाही. ही गोष्ट मला जासईत दुसऱ्या दिवशी कळली. नातीच्या हातात भाचीने मोबाईल दिला होता आणि मुलगी त्याकडे टक लावून बसली होती. ताई काल जाता जाता म्हणाल्या होत्या, "खायला घालतेस तसं बोलत पण जा तिच्याशी. दिवसभरात किती बोलतेस?" भाचीला उत्तर सुचले नाही. बोलायला घरात आहे कोण?

मुलाच्या बुद्धीची, हातापायांची, बोलण्याची वाढ मोजण्याचेही तक्ते असतात. त्यांतला भारतीय मुलांसाठीचा एक जुना तक्ता बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी तयार केला. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात हालचालींच्या ६७ आणि समज-बोलीच्या १६३ कसोट्या आहेत. खुळखुळ्याकडे वळते का, ठोकळ्यावर ठोकळा ठेवते का, अशा. तो शिकलेल्या माणसानेच वापरायचा. पण खेड्यात तज्ज्ञ कुठून आणणार, म्हणून युनिसेफने २०२० साली आईला विचारायच्या वीस प्रश्नांची एक यादी केली, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. खाचखळग्यांच्या रस्त्यावर न पडता चालते का? दोन्ही पाय उचलून उडी मारते का? दहा शब्द बोलते का? दहा वस्तू मोजते का? पहिल्या प्रश्नाला आपल्या फडावरची पोरे शंभर टक्के पास होतील, सरी-वरंब्यातच ती चालायला शिकतात. पुढच्या प्रश्नांचे मला तसे खात्रीने सांगता येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये अशीच मोजमापे पुढे आणली आहेत. दिल्लीपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्यांना आता हा आकडा हवा आहे, कारण २०३० पर्यंत गाठायच्या जागतिक उद्दिष्टांत तो घातला आहे.

इथे आयांनी घाबरू नये म्हणून एक गोष्ट सांगतो. शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यातही धरून उभे राहते, म्हणून रात्र जागायचे कारण नाही. आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही चालू लागणारी मुले निरोगी असतात, असे त्याच सहा देशांच्या पाहणीत दिसले. दीड वर्ष उलटले तरी पाऊल टाकत नसेल तर मात्र दाखवावे.

बोलण्या-खेळण्याचा उपयोग किती होतो, याचे फार चांगले उदाहरण जमैका बेटावरचे आहे. हा मुलूखही आपल्यासारखाच उसाचा, ही त्यातली आणखी एक गंमत. तिथे किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या बाईंनी गरीब वस्तीतली १२९ खुरटलेली मुले घेतली, वय नऊ महिने ते दोन वर्षे. काहींना दर आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवी. रिकाम्या बाटल्या, डबे, फडक्यांची खेळणी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी ती मुले कमावती झाल्यावर पुन्हा शोधली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळाची बाई जात होती त्यांची मिळकत तशाच न खेळवलेल्या मुलांपेक्षा शेकडा २५ जास्त निघाली. नुसत्या भुकटीचा तितका लांबचा परिणाम सापडला नाही. याचा अर्थ खाऊ घालू नका असा कुणी काढू नये. पोट रिकामे असले तर मूल खेळणारच नाही. पण पोट भरून मूल कोपऱ्यात बसवून ठेवले तरीही चालत नाही.

आणि हे सांगायला आपल्याला जमैकाला जायची गरज नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. बालवाडी काढली, पण वस्तीतली मुले काही येईनात. तेव्हा ताराबाईंनी असे ठरवले, की मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळा कुरणात नेली, कुरणशाळा. मी कृषी पदविकेला असताना आमची सहल कोसबाडच्या कृषी संस्थेला गेली होती. आम्ही चिकूची कलमे पाहिली आणि परत येताना ती बालवाडीही पाहिली. शंखशिंपले, बिया, पाने, पिसे, असले काहीबाही मांडून मुले रमली होती. तेव्हा आम्हा विशीतल्या पोरांना ते बघण्यासारखे वाटले नाही. आम्ही बाहेर बसच्या सावलीत उभे राहिलो.

अंगण असेल तिथे अंगणवाडी, कुरण असेल तिथे कुरणशाळा. मग जिथे फड आहे तिथे काय?

येत्या हंगामासाठी

सध्या तोडणी-वाहतुकीचे करार चालू आहेत. आपल्या कराराच्या फॉर्मवर कोयते किती, टायरगाड्या किती, बैल किती, हे सगळे असते. बैलांचा आपण विमा उतरवतो, तळावर त्यांना लाळ-खुरकताची लस टोचतो. ते केलेच पाहिजे. पण सहा वर्षांखालची मुले किती, हा रकाना त्या फॉर्मवर नाही. तो घालावा, असे टिपण मी शेतकी समितीकडे दिले आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, गावची अंगणवाडी, आणि "कार्ड बरोबर आहे काय", एवढेच. मुकादमाने उचल देताना एक वाक्य सांगायचे आहे, की लेकराचे कार्ड पेटीत ठेवू नका, बरोबर घ्या. अंगणवाडीच्या मोबाईलवर आता स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद एका गावाहून दुसऱ्या गावी घेता येते. पण टोळी आली आहे हे अंगणवाडीला कुणीतरी कळवायला हवे, आणि टोळी कुठल्या तळावर कधी उतरली हे आपल्या चिटबॉयइतके कुणालाच ठाऊक नसते.

वजन कधी करायचे, यावर मी बराच विचार केला. फडाच्या वेळी माणसे सापडत नाहीत. खर्ची वाटपाच्या दिवशी मात्र सगळ्या बाया-माणसे तळावर असतात, पोरेबाळेही असतात. महिन्यातला एक खर्चीचा दिवस ठरवून त्याच दिवशी ताई आणि आशाताई यांना कारखान्याच्या जीपने तळावर आणायचे, काटा आणि दंडाची पट्टी त्यांच्याकडे आहेच. ज्याची रेघ आडवी त्याच्या आईशी बोलायचे. ज्याची पट्टी लाल, त्याला त्याच जीपने केंद्रात न्यायचे आणि त्या जोडीला चौदा दिवस दुसरा गडी लावून द्यायचा, म्हणजे मुकादमाला बोलायला जागा राहणार नाही. या गड्याची मजुरी कुठल्या खात्यात टाकायची हा हिशेब विभागाचा प्रश्न आहे आणि त्यावर वाद होईल, हे मी धरून चाललो आहे.

सभासदांकडूनही मागणे आहे, पैशाचे नाही. आपल्या फडात टोळी आली की बांधावरच्या झाडाखालची जागा मुलांना द्यावी, पिण्याच्या पाण्याची एक घागर ठेवावी, आणि ट्रॅक्टर मागे घेताना पाचटात मूल निजलेले नाही ना, हे आधी पाहावे. ज्या घरात वयस्क बाया आहेत त्यांनी तासभर त्या पोरांत जाऊन बसायला हरकत नाही. चार गोष्टी सांगाव्यात, दोन बोरे द्यावीत. जमैकातल्या सेविका याहून फारसे वेगळे काही करत नव्हत्या. आणि हो, आपल्या स्वतःच्या सुनांची, लेकींची कार्डेही एकदा काढून पाहा. बागायतदाराच्या घरातसुद्धा चहा-बिस्किटावर वाढणारी मुले मी पाहिली आहेत.

ऑगस्टात भाचीचा फोन आला होता. तेरावा महिना संपला, वजन ८ किलो १०० ग्रॅम. "मामा, रेघ वर गेली," म्हणाली. आणि मुलगी मागून काहीतरी ओरडत होती. आता ती दिवसभर बोलते, गप्पच बसत नाही, असे भाचीचे गाऱ्हाणे आहे.

ज्या सभासदांच्या शेतात किंवा शेताजवळ टोळ्यांचा तळ पडतो, त्यांनी तळाची जागा आणि जवळच्या अंगणवाडीचे नाव आपल्या गट ऑफिसमध्ये गाळप सुरू होण्याआधी कळवावे. त्यासाठी प्रत्येक गट ऑफिसला एक वही ठेवली आहे.